बरणीतला नवरा

घोडपदेवच्या चाळीत, सुशांतच्या दोन खोल्यांच्या घरात अंघोळीला आता एकच बादली उरली होती. बाकीच्या बादल्यांत, मोठ्या टोपात आणि आईच्या पिठाच्या परातीत गप्पीची पिल्लं पोहत होती. सुशांतने हौसेने काचेची टाकी आणि एकच जोडी आणली होती. हा मासा अंड्यांच्या भानगडीत न पडता थेट पिल्लंच देतो, हे त्याला परात गेल्यावर कळलं.

"यापुढे एक जरी पिल्लू झालं ना, तर टाकी घराबाहेर," त्याच्या आईने, मालनने, निक्षून सांगितलं.

सुशांत परळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होता. त्याने शास्त्रीय उपाय केला. पिल्लं लॅबमध्ये वाटून टाकली, नराला लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातलं आणि बरणी फळीवर ठेवली. मादी टाकीत एकटी.

"झालं, आई. विषय संपला."

महिन्याभराने मादीला पुन्हा ढीगभर पिल्लं झाली.

मालनने टाकीकडे पाहिलं. मग फळीवरच्या बरणीकडे. मग पुन्हा टाकीकडे. आणि तिने शेजारच्या गंगुबाईला हाक मारली. गंगुबाई नवऱ्याला, कुशाबाला, सोबत घेऊनच आली.

"गो मालन, नवरा वर बरणीत," गंगुबाई आवाज खाली आणत म्हणाली, "मग ही कोणाची?"

"तेच म्हणते मी. घरात दुसरा मासा नाही."

"तुमची खिडकी पण उघडीच असते," कुशाबाने शंका काढली.

"तुम्ही गप बसा!" गंगुबाई नवऱ्यावर खेकसली.

"माझ्या घरात असली थेरं चालणार नाहीत," मालनने निकाल दिला. "सुशांत, टाकी उचल. आत्ताच्या आत्ता दुकानात देऊन ये."

सुशांतने घाईघाईने मोबाइलवर शोधलं आणि त्याचा चेहरा उजळला. "आई, तिची काही चूक नाही! ही पिल्लं ह्याचीच. गप्पीची मादी एकदा भेट झाली की साठवून ठेवते, मग नंतर कितीतरी महिने..."

"काय साठवून ठेवते?"

लॅबच्या रिपोर्टांवर तो शब्द सुशांत रोज टाइप करायचा. पण इथे समोर आई होती, आणि शेजारी गंगुकाकू.

"आठवण," तो म्हणाला. "नवऱ्याची."

"आठवणीवर पोरं होतात?" कुशाबाने विचारलं.

"माशांत होतात, काका."

मालनने पदर डोळ्यांना लावला. "किती दिवस पुरते रे आठवण?"

"आठ-आठ महिने."

"ऐकलंत?" गंगुबाई कुशाबाकडे वळली. "आठ महिने! आणि तुम्हाला सकाळी सांगितलेली कोथमीर संध्याकाळी आठवत नाय."

"इतकी जीव लावणारी बायको, आणि तू त्याला बरणीत डांबलंस, मेल्या?" मालन स्टुलावर चढली.

"आई, नको! तो तिथे..."

बरणी टाकीत रिकामी झाली. गंगुबाई टाकीवर वाकली. नराने रंगीत शेपूट झोकात पसरली, बायकोला वळसा घातला आणि समोरचं पिल्लू गिळलं.

"अगो बाई! पोटचं पोर!" मालन ओरडली.

"पुरुषाची जात!" गंगुबाई कुशाबाकडे बघत म्हणाली.

"मी काय केलं?"

मालनने चहाच्या गाळणीने नराला उचललं आणि पुन्हा बरणीत टाकलं. झाकणही घट्ट लावणार होती, सुशांतने हात धरला.

"हा इथेच बरा," ती धापा टाकत म्हणाली. "आणि टाकी कुठे जायची नाही. एकटी आहे बिचारी, पदरात एवढीशी लेकरं."

दोघी बरणीकडे रागाने बघत होत्या. कुशाबा जरा सहानुभूतीने. तेवढ्यात टाकीतल्या आईने सावकाश वळून दोन लेकरं गट्ट केली आणि ती तिसऱ्याच्या मागे लागली. ते फक्त सुशांतने पाहिलं. त्याने खुंटीवरचा टॉवेल ओढला आणि टाकीवर टाकला.

"बाळंतीण आहे," तो म्हणाला. "जरा पडू दे तिला."