सक्तीचा आराम

सुकरूभाऊच्या बेटावर कुणी काम करताना दिसलं की तो शिट्टी वाजवतो. कबड्डीच्या पंचाची शिट्टी, लाल दोरीला बांधून गळ्यात अडकवलेली. नागपूरच्या एका पोरीने सकाळी उठून स्वतःच्या अंथरुणाची घडी घातली, तर फुर्रर्र! "काऊन घडी करून राह्यली? पुन्हा झोपाचं नाई का?" एका इंजिनीअरने मोबाईलवर ऑफिसचं काम काढलं, तर पुन्हा फुर्रर्र, आणि मोबाईल थेट तांदळाच्या डब्यात. "जाताना घेऊन जाजो. इथी आराम म्हनजे आराम."

बेट म्हणजे सावली तालुक्यात, आमच्या गावासमोर वैनगंगेच्या पात्रात असलेला एक उंचवटा. वर एक कोह्याचं, म्हणजे अर्जुनाचं, झाड, गवताची झोपडी, आणि सभोवती उन्हाळ्यात उघडी पडणारी पांढरी रेती. रेतीत भाऊने डांगराचे, म्हणजे खरबुजाचे, वेल लावलेत. पाऊस लागला की सगळं पाण्याखाली. तोवर भाऊचं राज्य.

या राज्याची सुरुवात एका जोडप्याने केली. पाठीवर पिशव्या लादून नदीकाठाने चालत आले आणि पाणी मागायला थांबले. मागच्या वर्षी ते कुठल्याशा समुद्रातल्या लहान बेटावर जाऊन राहिले होते. भाऊने विचारलं, तिथी काय केलं? ते म्हणाले, काहीच नाही. झोपलो, पोहलो, मासे खाल्ले.

"आन त्याचे पैसे देल्ले?"

"हो काका. ट्रॉपिकल आयलंड होतं ना."

"ते काय असते?"

"म्हणजे गरम प्रदेशातलं बेट."

भाऊने डोक्यावरच्या उन्हाकडे पाहिलं. मे महिना होता आणि चंद्रपूर जिल्हा होता. "मंग आमच्याहून ट्रॉपिकल कोन हाये बे?" असं म्हणून त्याने त्या दोघांना बेटावर नेलं. ती दोघं दोन दिवस राहिली. त्यांनी आपल्या दोस्तांना सांगितलं, त्या दोस्तांनी आपल्या दोस्तांना. आता सुट्ट्या लागल्या की पाठीवर बोजे घेतलेली पोरंपोरी गुडघाभर पाण्यातून बेटाकडे जाताना दिसतात. भाऊ त्यांना 'पिट्टूवाले' म्हणतो. त्यांना भात आणि मासोयांचा रस्सा रांधून घालतो, डांगर कापून देतो, आणि त्यांच्या आरामावर असा पहारा ठेवतो की जेलरही लाजेल.

नुसतं आडवं झालेलं त्याला चालत नाही. तो काठी टेकत एकेकाची तपासणी करतो. "हे झोपनं नाई, हे पडनं हाये. डोये मिटले, पन कपाय ढिलं नाई झालं. कपाय सोड!" एका बँकवाल्याचं कपाळ तीन दिवस सुटलं नाही. भाऊ त्याला परत जाऊ देईना. शेवटी बिचाऱ्याने रस्सा जास्त खाल्ला आणि आपोआप सुटलं.

मला या माणसाचा भयंकर राग होता. का असू नये? खालच्या घाटाच्या रेतीचा लिलाव झाला, आणि खड्डे पडतात वरच्या घाटाला. ठेकेदाराची मशीन हद्द ओलांडून वर सरकत होती आणि सरळ सुकरूभाऊच्या बेटाकडे येत होती. रेती गेली की बेट गेलं, वेल गेले, मासोया अंडी घालतात तो उथळ भाग गेला. मी निवेदनं दिली. 'चौकशी सुरू आहे' हे उत्तर मला आता पाठ आहे. मी पत्रकं वाटली, सभा घेतल्या, घसा बसवून घेतला. आणि ज्याच्या पायाखालची जमीन जाणार तो माणूस पाहुण्यांची कपाळं तपासत बसला होता! याला काय म्हणायचं? मी तरी बेजबाबदारपणा म्हणत होते, आणि चावडीवर मोठ्याने म्हणत होते.

एका दुपारी मी तणतणत पाणी ओलांडून गेले. शेवटचे पिट्टूवाले त्याच सकाळी परतले होते. भाऊ झाडाखाली चटया झटकत होता.

"भाऊ, उद्या मोर्चा आहे. तुम्ही सगळ्यात पुढे पाहिजे."

"लीडरबाई, चप्पल काढ. आवाज बी काढून ठेव. इथी आंदोलन नाई."

"तुमचं बेट खोदून नेतील!"

"नाई नेनार. इथी मानसं झोपून राह्यले."

"झोपून काय होतं?"

भाऊने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी नदीकाठी जन्मलेच नव्हते. "तुह्या मायनं डांगरवाडी नाई केली का कधी? तुले मालूम नाई?"

मला माहीत होतं, पण माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या नदीवर रेतीचा सातबारा नसतो. उन्हाळ्यात जो रेतीत वेल लावतो आणि तिथेच झोपतो, तिथली रेती पाऊस येईस्तोवर त्याची. कुणी तिच्यात पाय घालत नाही. पण झोपडी ओस पडली, की जागा मोकळी. मग कुणीही यावं. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, आणि तो मोडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

"म्हणजे हे पिट्टूवाले..."

"चोवीस घंटे कोनी ना कोनी झोपूनच पाह्यजे न वो. मी एकटा किती झोपू?"

मी काही बोलणार तोच खालच्या अंगाने इंजिनाचा आवाज आला. दोन ट्रॅक्टर उथळ पाण्यातून बेटाकडे येत होते आणि मागे ती पिवळी मशीन होती. मी ताडकन उठले, ओढणी कमरेला खोचली, मूठ वर केली.

फुर्रर्र!

"झोप!" भाऊ ओरडला.

"आत्ता?"

"आत्ताच. उभ्या मानसाले बाजूले सारता येते. झोपलेल्याले आधी उठवा लागते. झोप म्हनतो न!"

मी झोपले. लोकशाहीत असा प्रसंग माझ्यावर पहिल्यांदाच आला होता. पाच हात सोडून भाऊ आडवा झाला आणि त्याने दुपट्टा तोंडावर ओढला. ट्रॅक्टर वेलांच्या कडेला येऊन थांबले. चालवणारे दोघेही पलीकडच्या गावचे, भाऊच्या ओळखीतले. मोठा होता तो गणपत.

"सुकरूभाऊ, जागे हा का?"

"नाई. झोपलो हावो."

"झोपलेला मानूस बोलते का गा?"

"मी झोपीत बोलतो. आवं रेवता, सांग याले..."

आणि तो थांबला.

रेवता म्हणजे भाऊची बायको. जन्मभर दोघांनी याच रेतीत वेल लावले, याच झाडाखाली उन्हाळे काढले. मागच्या पावसाळ्यात ती तापाने गेली. हे गणपतला माहीत होतं, तो मयतीला आला होता. भाऊच्या तोंडून नाव सवयीने निसटलं होतं. दुपट्टा तोंडावरच राहिला. गणपतने ट्रॅक्टर बंद केला. दुसऱ्यानेही केला. मशीनवाला मागून ओरडला, "काय झालं बे?"

"मानसं झोपून हायेत इथी," गणपत म्हणाला.

"उठव न मंग!"

"तूच ये आन उठव. मी नाई उठवत."

मशीनवाला काही उतरला नाही. तोही नदीकाठचाच होता. थोड्या वेळाने गणपतने ट्रॅक्टर मागे घेतला आणि जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, ठेकेदाराले मी सांगतो, जागा रिकामी नाई म्हनून. पन एक दिवस जरी रिकामी दिसली, तं मंग आमचा बी इलाज नाई. आमाले बी पोट हाये."

ते गेले. मी उठून घोषणा देणार होते. भाऊ मात्र झाडाला टेकून बसला आणि शिट्टीच्या दोरीशी चाळा करत राहिला.

"पाहुणे कधी येतील आता?" मी विचारलं.

"सुट्ट्या सरल्या. नाई येत कोनी."

"मग पावसापर्यंत?"

"हावो न मी."

"एकटे किती झोपाल?"

त्याने गळ्यातली शिट्टी काढून चटईवर ठेवली. मग नदीकडे पाहत म्हणाला, "झोपच तं येत नाई, बाई. रेवता लय घोरे. मी रोज भांडो, म्हनो, तुह्या घोरन्यानं मासोया पयतात. आता घरी इतकं चूप रायते, का मी टक्क जागा. या पोट्ट्यायले झोपवतो, थे घोराले लागले का मंग माह्या डोया लागते. बेटासाठी म्हनून आनतो, खोटं काऊन बोलू. पन माह्यासाठी बी आनतो."

संध्याकाळी सावलीला माझी सभा होती. मी फोन करून सांगितलं, मी येत नाही. मोर्चा उद्या ठरल्याप्रमाणे काढा, आणि पावसापर्यंत रोज दोन माणसं झोपायला पाठवा, याद्या मी करते. पलीकडून कुणीतरी विचारलं, झोपायला? मी म्हटलं, हो, आणि घोरणारी बघून पाठवा.

मग चटईवर आडवी झाले. कपाळ सोडलं. भाऊ अजून बसूनच होता. मला घोरायची सवय नाही, घरी तरी कुणी तशी तक्रार केलेली नाही. पण आवाज काढायचा सराव आहे. मी डोळे मिटले आणि सुरुवात केली. आधी हळू, मग सभेत लावते तसा घसा लावून.

थोड्या वेळाने चटई करकरली. भाऊ आडवा झाला होता. मी न थांबता घोरत राहिले.