सत्तावीस-चौदाचा गुप्त आकडा

शुक्रवारी सकाळी कौसल्याबाई घाग यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते उत्तम झालं. हे वाक्य वाचकांनी आता विसरून जावं. असं काही झालेलं नाही. आज सोमवार आहे, भिंगाचे दहा हजार रुपये बुधवारी दुपारी बाराच्या आत परळच्या हॉस्पिटलात रोख भरायचे आहेत, आणि नाही भरले तर पुढची तारीख दोन महिन्यांनी मिळणार आहे.

सोमवारी संध्याकाळी नलू ऑफिसातून आली ती एक छापील कागद घेऊन. नलूचं ऑफिस काचेच्या इमारतीत सतराव्या मजल्यावर होतं. ती इमारत जिथे उभी होती तिथे पूर्वी गिरणीचं साचे खातं, म्हणजे मागांचं खातं होतं आणि त्यात नलूचे वडील, राजारामभाऊ घाग, संपापर्यंत सोळा वर्षं उभे होते. बाप जिथे उभा राहिला त्याच्या सतरा मजले वर मुलगी बसते, याला घाग कुटुंबात प्रगती म्हणत.

"आज ऑफिसात लेक्चर होतं, अण्णा. कार्डाच्या फसवणुकीवर. एवढं वाचा."

राजारामभाऊंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. "पिन कुणालाही सांगू नये. बँकेच्या माणसाला नाही, मित्राला नाही. पती-पत्नींनीही एकमेकांना सांगू नये." इथे त्यांनी चष्म्यावरून कौसल्याबाईंकडे पाहिलं. "ऐकलंस?"

"ऐकलं," कौसल्याबाई तांदूळ निवडत म्हणाल्या. उजव्या डोळ्याला दिसत नसल्यामुळे त्या बोटांनी निवडत होत्या. "बुधवारी बाराच्या आत पैसे भरायचेत, ते लक्षात आहे ना?"

"आधी सुरक्षा," राजारामभाऊ म्हणाले.

"अण्णा, तुमचा पिन सोपा नाही ना?" नलूने विचारलं. "आकडा सांगू नका. जन्मतारीख, गाडीचा नंबर, असलं काही नाही ना?"

"गाडी मला नाही. जन्मतारीख माझ्या आईलाही माहीत नव्हती. माझा आकडा माझ्याशिवाय या जगात कुणाला सुचायचा नाही."

एवढ्यात गॅलरीतून शेजारच्या बाबुरावांची हाक आली. "ओ सत्तावीस-चौदा, चाय झाली काय रे?"

नलूने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी कागदाची घडी घातली, मग घडीची घडी घातली.

"अण्णा. तोच?"

"बँकेतला पोरगा म्हणाला, कधी विसरणार नाही असा आकडा टाका," राजारामभाऊ म्हणाले. "मी माझं नाव विसरेन."

त्यात खोटं काही नव्हतं. गिरणीत प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला असे आणि त्यावर तिकीट नंबर. गेटवर नंबर, पगाराला नंबर, मुकादमाच्या शिवीतसुद्धा आधी नंबर. संप होऊन बत्तीस वर्षं झाली, गिरणी पाडून झाली, पण चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर अजून नंबरानेच हाका मारत. मजल्यावर माजी गिरणी कामगार अकरा. प्रत्येकाला बाकीच्या दहांचे नंबर पाठ. कार्ड घेताना बँकेतला पोरगाही सगळ्यांना एकच भेटला होता.

मंगळवारी सकाळपासून राजारामभाऊ संशय घेऊ लागले. बाबुरावांच्या पायात नव्या चपला होत्या. पलीकडच्या हेमचंद्र साळगावकरांनी सुरमई आणली होती, आणि तीही मंगळवारी.

"सुरमईचा भाव काय चाललाय, माहीत आहे तुला?" त्यांनी बायकोला विचारलं.

"हॉस्पिटलच्या भिंगाचा माहीत आहे. दहा हजार. उद्या बाराच्या आत."

राजारामभाऊ नाक्यावरच्या मशीनवर जाऊन खातं बघून आले. एकतीस हजार दोनशे होते, ते सगळे तसेच होते. हे त्यांना जास्तच संशयास्पद वाटलं. चोर कशाची तरी वाट बघतोय. घरी येऊन त्यांनी कार्ड देवाच्या फोटोमागे लपवलं. तासाभराने तांदळाच्या डब्यात. जेवणानंतर जुन्या रेडिओच्या पोटात. कौसल्याबाई दिवसातून दोनदा घर झाडत, त्यामुळे त्यांना तिन्ही जागा कार्ड जाण्याआधीच माहीत होत्या.

दुपारी गॅलरीत बैठक झाली. अकराच्या अकरा जण हजर होते आणि प्रत्येक जण भिंतीला पाठ लावून बसायला बघत होता.

"प्रश्न सोपा आहे," राजारामभाऊ म्हणाले. "इथे प्रत्येकाला प्रत्येकाचा पिन ठाऊक आहे."

"माका नाय ठाऊक," बाबुराव म्हणाले.

"हेमचंद्राचा नंबर काय?"

"अकरा-एक्याऐंशी."

हेमचंद्र खिशावर हात ठेवून दोन हात मागे सरकले.

मग नवे आकडे कुठून आणायचे यावर तासभर चर्चा झाली. मनाचे आकडे विसरतील. लिहून ठेवले तर चोरीला जातील. शेवटी तोडगा हेमचंद्रांनी काढला आणि तो इतका साधा होता की आधी सुचला नाही याचं सगळ्यांना वाईट वाटलं. मिलमध्ये कुणी गावी गेला की त्याच्या जागी बदली उभा राहायचा. तसंच करायचं. प्रत्येकाने आपला नंबर सोडून दुसऱ्याचा घ्यायचा. नंबर पाठ आहेतच, विसरायचा प्रश्न नाही. आणि चोर आपला सत्तावीस-चौदाच दाबत बसेल.

"पण कोणाचा कोणी घेतला, ता कसा लक्षात रवतला?" बाबुरावांनी विचारलं.

यासाठी वही आणण्यात आली. अकरा नावं, अकरा बदली नंबर, खाली सगळ्यांच्या सह्या. वहीवर 'अत्यंत गुप्त' असं लिहून ती गॅलरीतल्या मीटरच्या कपाटावर ठेवली, म्हणजे गरज पडल्यास कुणालाही बघता यावी. राजारामभाऊंच्या वाट्याला बाबुरावांचा तेहतीस-साठ आला. उद्या सकाळी दहाला सगळ्यांनी एकत्र जाऊन आकडे बदलायचे, असा ठराव झाला.

"अहो, उद्या सकाळी हॉस्पिटल आहे," कौसल्याबाईंनी दारातून सांगितलं. ही त्यांची तिसरी वेळ होती.

"आधी मशीन, मग हॉस्पिटल. वाटेवरच आहे. तू पाच मिनिटं मला सलग विचार करू दे."

नलूने संध्याकाळी वही पाहिली. पाणी प्यायली आणि आईजवळ जाऊन बसली.

बुधवारी दहा वाजता नाक्यावरच्या मशीनसमोर म्हाताऱ्यांची रांग लागली. मशीनच्या वॉचमनने असं दृश्य पाहिलं नव्हतं. एकेक जण आत जायचा, दार बंद करायचा आणि बाहेरचे नऊ जण रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे, पण मानेने मागे वळलेले. वॉचमनने दोनदा विचारलं, "काका, मोर्चा आहे का?"

नऊ जण, म्हणजे आतला धरून दहा. अकरावे बाबुराव आलेच नव्हते.

राजारामभाऊंचा नंबर चौथा होता. आत जाऊन त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून रुमाल काढला, रुमालातून प्लास्टिकची पिशवी, पिशवीतून जुनी चष्म्याची डबी. सकाळी अंधारातच त्यांनी कार्ड रेडिओतून काढून डबीत ठेवलं होतं. डबीत कार्ड नव्हतं, चष्मा होता.

त्याच क्षणी फोन वाजला. मेसेज होता. खात्यातून दहा हजार रुपये काढण्यात आले आहेत, शिल्लक एकवीस हजार दोनशे.

राजारामभाऊ बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून वॉचमनने आपली खुर्ची दिली.

"गेले," ते म्हणाले. "दहा हजार. आत्ता."

"पण आम्ही तर सगळे इथेच आहोत," हेमचंद्र म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थोडा आनंद होता.

"सगळे नाही," राजारामभाऊ म्हणाले.

दहा जणांनी बाबुरावांच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. चाळीस वर्षांची दोस्ती. शेजारचा साचा, शेजारची खोली. संपात एका चुलीवर दोन घरांचा भात शिजायचा. आणि नव्या चपला.

आधी कार्ड बंद करायला हवं, म्हणून राजारामभाऊंनी तिथूनच बँकेच्या नंबरवर फोन लावला. आधी बराच वेळ गाणं वाजलं. मग एक मुलगी आली.

"सर, पडताळणीसाठी आपली जन्मतारीख सांगा."

राजारामभाऊंना नलूचा कागद आठवला. "का सांगू?"

"आपण खातेदार आहात याची खात्री करायला."

"तू बँक आहेस याची खात्री मी कशी करू?"

"सर, फोन तुम्ही केलाय."

"असं तू म्हणतेस."

मुलीने दुसरा प्रश्न काढला. "बरं, आईचं नाव सांगा."

"माझी आई मध्ये आणू नकोस. तुझ्या आईचं सांग आधी."

"सर, एका तरी प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय मला कार्ड बंद करता येणार नाही."

"आणि दिलं तर मला घरी जाता येणार नाही," राजारामभाऊ म्हणाले आणि फोन ठेवला. कार्ड चालूच राहिलं. बँकेने त्यांच्या नंबराची 'संशयित कॉल' म्हणून नोंद केली, हे त्यांना पुढे कधीच कळलं नाही.

सव्वाबाराला दहा जण चाळीत परतले. घराला कुलूप होतं. हॉस्पिटलची वेळ टळून गेली होती, ही गोष्ट राजारामभाऊंच्या ध्यानात जिन्यावर आली आणि ते दुसऱ्या पायरीवर बसले. दोन महिने. दोन महिने ती बोटांनी तांदूळ निवडणार, आणि एखाद दिवशी जिन्यावरून पाय चुकणार. ते बसून राहिले. हेमचंद्रांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, दुसरा हात स्वतःच्या खिशावर होता.

खालून पावलं वाजली. बाबुराव वर येत होते, सावकाश, कारण त्यांनी कौसल्याबाईंचा हात धरला होता.

"तू होतास कुठे?" राजारामभाऊंनी विचारलं.

"हॉस्पिटलात."

"कशाला?"

"वहिनीबरोबर. तिका रस्तो ओलांडूक दिसता काय? तुझी तर मीटिंग होती."

"माझे दहा हजार गेलेत, बाबुराव."

"माझे गेलेत," कौसल्याबाई म्हणाल्या आणि पिशवीतून पावती काढून नवऱ्याच्या हातात दिली. भिंगाचे दहा हजार, अकरा वाजून पाच मिनिटांनी जमा. "शुक्रवारी आठला बोलावलंय. उपाशीपोटी."

राजारामभाऊंनी पावती दोनदा वाचली. मग कागद उलटा करून मागची बाजूही वाचली. ती कोरी होती.

"कार्ड तू काढलंस?"

"तुम्ही डबीत ठेवून आंघोळीला गेलात तेव्हा. तीन वेळा सांगून झालं होतं."

"आणि पिन?"

"चाळीतल्या मांजरालापण माहीत आहे तुमचा पिन."

दहा जण हसले. त्यातले काही सुटकेने हसले. राजारामभाऊ उठले आणि बाबुरावांसमोर जाऊन उभे राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं.

"चपला चांगल्या आहेत," ते म्हणाले.

"जावयान दिल्यान. तुका होये काय?"

"नको." त्यांनी घसा साफ केला. मग बायकोकडे हात पुढे केला. "आण कार्ड. आता तेहतीस-साठ करून येतो."

"आकडा मी बदलला," कौसल्याबाई म्हणाल्या. "हॉस्पिटलशेजारच्या मशीनवर. नलूने काल दाखवलं कसं करायचं ते."

"कोणाचा टाकलास?"

"माझा."

"तुझा कसला आकडा?"

कौसल्याबाई दाराचं कुलूप चाचपत होत्या. "नऊ वर्षं गिरणीत वाइंडिंगला सूत गुंडाळत होते मी. मला काय बिनबिल्ल्याचं आत सोडत होते?"

जिन्यावरचे सगळे एकमेकांकडे बघू लागले. अकरा माणसांना अकरा नंबर पाठ होते. शेजारच्या खात्यात बायकाही होत्या, त्यांनाही बिल्ले होते, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मीटरच्या कपाटावरच्या अत्यंत गुप्त वहीतही नव्हतं.

"काय होता गं?" राजारामभाऊंनी हळू आवाजात विचारलं.

"पती-पत्नींनीही एकमेकांना सांगू नये," कौसल्याबाई म्हणाल्या. "तुम्हीच वाचून दाखवलंत." आणि त्या आत गेल्या.

राजारामभाऊंनी आकडा विचारायला बाबुरावांना गाठलं. बाबुराव म्हणाले, वहिनी आकडो दाबताना मी मशीनीक पाठ करून उभो होतंय. मग राजारामभाऊ कोपऱ्यातल्या खोलीतल्या मंजुळाबाईंकडे गेले. त्या वाइंडिंगला कौसल्याबाईंच्या शेजारीच होत्या.

"मला पाठ आहे," मंजुळाबाई म्हणाल्या. "पण तेव्हा नाही कधी विचारलात."

शुक्रवार उजाडला. विसरायला सांगितलेलं पहिलं वाक्य वाचकांनी आता आठवायला हरकत नाही. शनिवारी कौसल्याबाई डोळ्याला हिरवी पट्टी लावून गॅलरीत बसल्या होत्या आणि कार्ड त्यांच्या कमरेच्या पिशवीत होतं. राजारामभाऊंनी पेनात शाई भरली, एक अर्ज लिहिला आणि तो नलूच्या ऑफिसच्या इमारतीखाली गेटवरच्या वॉचमनच्या हातात दिला. वॉचमन सभ्य होता, त्याने पोच दिली. अर्ज असा होता:

'प्रति, मा. टाइमकीपर, टाइम ऑफिस, दोन नंबर गेट, लालबाग.

विषय : वाइंडिंग खात्यातील तिकीट नंबर मिळणेबाबत.

महोदय, अर्जदार हा साचे खाते, तिकीट नंबर २७१४ (गोपनीय) असून अर्जदाराची पत्नी कौसल्या राजाराम घाग ही संपापर्यंत नऊ वर्षे आपल्या वाइंडिंग खात्यात कामाला होती. सदर काळात दोघांची पाळी एक, गेट एक व जेवणाचा डबाही एकच असूनही तिचा नंबर विचारण्याचे अर्जदाराकडून राहून गेले. तरी तो नंबर रजिस्टरातून पाहून सीलबंद पाकिटात मिळावा. अर्जदार रोज दुपारपाळी सुटण्याच्या वेळी गेटवर हजर राहील. गिरणी बंद असल्यास ती तेवढ्यापुरती उघडावी, ही नम्र विनंती.'