आठ पिनांचा प्लग

सासूबाईंचा ऑनलाइन बुद्धिबळाचा उपांत्य सामना संध्याकाळी होता आणि कॉम्प्युटरने दुपारीच मान टाकली. बटण दाबलं तरी हूं नाही की चूं नाही.

"काळजी कशाला? जावईबापू आलेत ना!" सासरे म्हणाले.

जावईबापू कॉम्प्युटरच्या कंपनीत होते, पण पगाराच्या विभागात. लग्न ठरताना सासऱ्यांनी "म्हणजे कॉम्प्युटरमधले तज्ज्ञच!" असं म्हटलं, तेव्हा ते नुसते हसले होते. ते हसणं आता चांगलंच अंगाशी आलं. त्यांनी यंत्राला कान लावला, भुवया आक्रसल्या आणि निदान केलं, "पॉवर सप्लाय गेलाय."

बायकोला सगळं ठाऊक होतं. ती तोंडाला पदर लावून आत निघून गेली.

दुकानदाराने विचारलं, "मदरबोर्ड कुठला? प्रोसेसरजवळचा प्लग चार पिनांचा की आठ?"

"नेहमीचाच," जावईबापू म्हणाले. पुढचा प्रश्न यायच्या आत त्यांनी दुकानातला सगळ्यात मोठा पॉवर सप्लाय उचलला. जास्त ताकद असलेली बरी, एवढाच हिशेब.

घरी आल्यावर तो डबा कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये मावेना. म्हणून तो शेजारी स्टुलावर ठेवला. मग वायरी पोचेनात. म्हणून मदरबोर्डच बाहेर काढून जेवणाच्या टेबलावर मांडला. मदरबोर्डचा मुख्य, मोठा प्लग मात्र झकास बसला, आणि जावईबापूंचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात सासऱ्यांनी बोट दाखवलं. प्रोसेसरजवळ चार भोकं होती आणि हातातल्या दुसऱ्या प्लगला आठ पिना.

"बाबा, तुम्ही वीज कंपनीतले. चार पिना कापल्या तर चालेल?"

सासऱ्यांनी पक्कड आणली. "कॉम्प्युटरच्या बाजूने हरकत नसेल, तर विजेच्या बाजूने काही नाही."

"विजेच्या बाजूने नसेल, तर कॉम्प्युटरच्या बाजूनेही नाही."

"मग कापा."

"छे, छे! मान तुमचा."

पक्कड इकडून तिकडे फिरत राहिली. शेवटी देण्याघेण्यात ती प्लगवर आपटली, 'टक्' आवाज झाला आणि प्लगचे दोन तुकडे झाले. चार पिना इकडे, चार तिकडे. असले प्लग मुळातच गरजेप्रमाणे दोन भागांत सुटे होतात. विचारलं असतं, तर दुकानदारानेच ते सांगितलं असतं. या दोघांचे मात्र चेहरे पांढरेफटक पडले.

"तुटला!" जावईबापू कुजबुजले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "बाबा, मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी पगार काढतो लोकांचे."

सासरे खुर्चीत बसले. मग त्यांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला.

"मी जन्मभर बिलांच्या तक्रारी घेतल्या. घरातला फ्यूज गेला की कोपऱ्यावरच्या वायरमनला मागच्या दाराने आणायचो. तुमच्या सासूबाईंना वाटतं, मीच बसवतो."

"अजून वाटतं?"

"संसार चाललाय त्यावर!"

जावईबापूंना त्या क्षणी सासऱ्यांबद्दल इतका जिव्हाळा वाटला, जितका लग्नापासून कधी वाटला नव्हता. दोघांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं: दोष मदरबोर्डचा. पण खरी धास्ती पुढेच होती. संध्याकाळ झाली होती, सामन्याची वेळ टळून गेली होती, आणि सासूबाईंना तोंड कसं दाखवायचं?

इतक्यात सासूबाईच आल्या. टेबलावरचा पसारा त्यांनी शांतपणे न्याहाळला.

"आई, चूक माझी आहे," जावईबापू ठरलेलं विसरून म्हणाले. "तुमचा सामना बुडाला."

"बुडतोय कशाला? लेकीच्या फोनवर खेळले की! जिंकलेसुद्धा."

"त्या एवढ्याशा पडद्यावर?" सासरे थक्क झाले.

"पडद्याचं काय घेऊन बसलात! आज पहिल्यांदा पाठीमागे उभं राहून 'घोडा हलव, घोडा हलव' म्हणणारं कोणी नव्हतं."

सासऱ्यांनी पक्कड हळूच टेबलाखाली सरकवली.

"मग आता... दुरुस्त करू ना आम्ही?" जावईबापूंनी चाचरत विचारलं.

"अंतिम सामना रविवारी आहे," सासूबाई म्हणाल्या. "तोवर दोघं मिळून असंच चालू द्या. आणि जावईबापू, घाई अजिबात नको. चहा इथेच आणून देते."