आधी पाय बघूचे

शेवंतीकाकी वर्तमानपत्र उलटं धरून बघायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, वाचता येत नाही म्हणून. वाचता येत नव्हतं हे खरं, पण कारण ते नव्हतं. फुटबॉलच्या खेळाडूचा फोटो छापून आला की ती पान फिरवायची, खेळाडूचे पाय वर आणायची आणि कागद नाकाजवळ नेऊन निरखायची. शेवटी कधीतरी, वेळ उरला तर, चेहरा.

मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाली, "तोंडाक काय बघूचा? तेचा लगीन लावूचा आसा माका? आधी पाय बघूचे."

आचऱ्याच्या तिठ्यावर माझं दुकान आहे. पेपर, वह्या, पेनं, आणि त्या काळात कोपऱ्यात काचेची टेलिफोनची खोली. मोबाइल गावात आले होते, पण रेंजसाठी माणसं अजून घाटीवर चढून जात. गोव्याचा पेपर दुपारच्या एस.टी.नं यायचा आणि त्याच सुमाराला काकी रिकामी टोपली काखेला लावून हजर व्हायची. साठीच्या पुढची, काटक, काष्टा पक्का, आवाज बंदरावरून तिठ्यापर्यंत पोचणारा. मासे विकायची, पण बोलायची फुटबॉलवर.

त्याचं कारण वास्को. तिचा नवरा, दाजी, तिथे खनिज वाहणाऱ्या बार्जवर खलाशी होता. तेवीस वर्षं दोघं तिथे राहिली. तो गेल्यावर काकी आचऱ्याला परत आली. एकुलती मुलगी लग्न होऊन कणकवलीला. तर वास्कोहून काकीनं दोन गोष्टी आणल्या: एक पितळी हंडा आणि एका व्यावसायिक फुटबॉल संघाचं वेड. संघाचं नाव लांबलचक होतं, कुठल्याशा कंपनीचं. जर्सी जांभळी, म्हणून काकीच्या लेखी ते 'जांभळे'.

पावसाळ्यात होड्या झावळ्यांखाली झाकलेल्या असतात आणि मासेमारी बंद. काकी सुकट विकून भागवायची. नेमके त्याच दिवसांत गोव्यातले संघ नवे खेळाडू घेतात. मग पेपरात यादी येई आणि यादीशेजारी त्या पेपरचा क्रीडा प्रतिनिधी प्रत्येकाला दहापैकी गुण देई. अमुक आघाडीवीर, आठ. तमुक बचावपटू, साडेपाच. या प्रतिनिधीला काकीनं जन्मात पाहिलेलं नव्हतं, पण त्याच्याविषयी तिची मतं तयार होती. त्याला ती 'गुणवालो' म्हणायची. त्याची मनगटं बारीक असणार, तो काटे असलेला मासा खात नसणार आणि सामना अर्धा झाल्यावर चहा प्यायला जात असणार.

"वाच," ती मला म्हणायची. मी वाचायचो. गुण ऐकले की ती फोटो उलटा करायची आणि आपला निकाल द्यायची. तिच्याकडे आकडे नव्हते, मासे होते. भरवशाचा, रोज उपयोगी पडणारा खेळाडू म्हणजे बांगडो. बाजूबाजूनं पळणारा म्हणजे कुर्ली. अंगापेक्षा डोकं मोठं असलेला म्हणजे शिंगाळो. सुरमय हा किताब मी तिथे बसून दोघांनाच मिळालेला पाहिला.

शेजारी बाबी टेलरचं दुकान. छापलेल्या अक्षरावर बाबीचा देवापेक्षा जास्त विश्वास. एका वर्षी जांभळ्यांनी ब्राझीलचा एक आघाडीवीर आणला आणि पेपरनं त्याला नऊ गुण दिले. काकीनं पाय बघितले.

"ह्यो पापलेट," ती म्हणाली. "दिसाक बरो. पण बर्फाभायर टिकाचो नाय."

"नऊ दिल्यानी, काकी!" बाबी मशीन थांबवून ओरडला. "पेपरात छापलाहा!"

"तुया शिवलेलो झंपर पण बाबी, टांगून ठेवलो की नऊ गुणाचो दिसता. घातलो की समाजता."

बाबी लाल झाला. म्हणाला, हा ब्राझीलवाला दिवाळीपर्यंत दहा गोल करील. नाही केले तर तुझी टोपली बंदरापासून तिठ्यापर्यंत मी डोक्यावरून आणीन. ऑक्टोबरचं ऊन पडलं आणि ब्राझीलवाला तीन सामन्यांत दोनदा चक्कर येऊन बसला आणि पोटाच्या तक्रारीनं घरी गेला. बाबीनं दोन दिवस दुकान बंद ठेवून पाहिलं. तिसऱ्या दिवशी काकी घरी जाऊन त्याला घेऊन आली. कोलंबीची टोपली डोक्यावर आणि अंगावर इस्त्रीचा शर्ट अशा अवस्थेत बाबी टेलर तिठ्यावर आला तेव्हा एस.टी.च्या ड्रायव्हरनं गाडी थांबवून हॉर्न वाजवला.

अशी सगळी मजा चालू असताना एका जुलैत ती यादी आली.

यादीत सगळ्यात शेवटी एक नाव होतं. विनायक, तिसरा गोलरक्षक, गाव मसुरे. मसुरे म्हणजे आमच्या शेजारचंच. आमच्या बाजूचा पोरगा जांभळ्यांत! बाबीसुद्धा उठून आला. मी पुढे वाचलं आणि माझा आवाज आपोआप खाली गेला. "दोन गुण. उंची कमी. का घेतला, हे निवड करणाऱ्यांनाच ठाऊक."

काकीनं हात पुढे केला. "फोटो दाखय."

"फोटो नाही, काकी. बाकीच्यांचे आहेत."

"फोटोच नाय?" ती म्हणाली. "मगे ह्येका नापास केल्यान कसो?"

बाबी पुटपुटला, उंची म्हणजे गोलरक्षकाला महत्त्वाची. काकीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. एरवी ती दोन वाक्यं ऐकवल्याशिवाय राहिली नसती. टोपली उचलून ती निघून गेली, आणि मला ते चमत्कारिक वाटलं.

आठवड्यानंतर सुकट विकायला ती मसुऱ्यापर्यंत गेली होती. तिथे बायकांकडून तिला कळलं की पोरगा सरावाला जाणारच नाही म्हणतो. पेपर गावभर फिरला, लोकांनी त्याचं नाव 'दोन गुण' पाडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला काकी माझ्या दुकानासमोर उभी. अंगावर लग्नात नेसायचं हिरवं लुगडं, केसांत अबोली.

"चल, मसुऱ्याक जावया."

"दुकान?"

"दुकान खंय पळान जाता? बाबी बघतलो."

एस.टी.तून उतरून, चिखलातून वाट विचारत आम्ही विनायकच्या घरी पोचलो. त्याची आई पडवीत होती. नटूनथटून आलेली बाई आणि सोबत पेनं खिशाला लावलेला माणूस बघून स्थळ घेऊन आलेत, असा तिचा समज झाला. तिनं लगबगीनं चटई टाकली, चहा ठेवला, पाट घेऊन समोर बसली आणि लाजत विचारलं, "चेडू खंयचा? शिकलेला आसा?"

"चेडू नाय गो," काकी म्हणाली. "तुज्या झिलाचे पाय बघूक इलंय."

आईच्या हातातली बशी तशीच राहिली. मी घाईघाईनं सगळा खुलासा केला. विनायक मागच्या शेतात लावणी करत होता. हाक मारल्यावर आला. तेविसेक वर्षांचा, ठेंगणा, खांदे रुंद, गुडघ्यापर्यंत चिखल. काकीनं त्याला पडवीच्या पायरीवर उभा केला, घागरीतलं पाणी स्वतः त्याच्या पायांवर ओतलं आणि वाकून पाहिलं. पोटऱ्या दाबल्या. टाचा बघितल्या. मग "हात" म्हणाली. त्यानं हात पुढे केले. बिचारा इतका गोंधळला होता की विरोध करायचं त्याला सुचलं नाही.

"उडी मार."

"हय?"

"मगे खंय? वाशाक हात लाव बघू."

त्यानं ओल्या पायांनीच उडी मारली. पडवीचा वासा चांगला उंच होता. पंजा त्याला लागला आणि वरून शेणी, कोळ्याची जाळी आणि एक जुनी केरसुणी आमच्या अंगावर पडली.

"बरो आसा," काकी केस झाडत म्हणाली. "जायत नाय म्हणतंस ता कित्याक?"

विनायक खाली बघत राहिला. "पेपरात काय इला ता वाचलास ना?"

"माका वाचूक येणा नाय. ह्येणा वाचून दाखवल्यान. तुका ये म्हणान सांगल्यान कोणी?"

"कोचान."

"कोचान तुका खेळताना बघल्यान?"

"तीनदा."

"आणि पेपरवाल्यान?"

"बघूक नाय."

"ज्येणा बघल्यान तो ये म्हणता. ज्येणा बघूक नाय तो नको म्हणता. आणि तू न बघणाऱ्याचा आयकतंस?"

तेवढ्यात आई मध्ये पडली. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "तेका बोला नको, बाये. मियाच सांगलंय, जाव नको म्हणान. लोक हसतत. रातचो जेवणा नाय. माका बघवणा नाय. हयसर शेती आसा, बरा आसा."

मला वाटलं, आता काकी कडाडणार. ती कडाडली नाही. चहाचा पेला तिनं बाजूला ठेवला, त्या बाईच्या जवळ सरकून बसली आणि तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता इतक्या बारीक आवाजात बोलायला लागली.

"मिया पण असाच सांगलेलंय," ती म्हणाली. "आमचे गोलात उभे रवत. बार्जवाल्यांच्या संघात. नया लगीन झालेला. ह्याच जांभळ्यांनी तेंका बोलावल्यानी, ये, बघूया म्हणान. तर पेपरात एक ओळ इली. उंची कमी. शेजारच्या मास्तरान वाचून दाखवल्यान. आमचे गप बसले. जेवले नाय. माका बघवला नाय गो. मी सांगलंय, जाव नको, बार्ज बरो, लोक हसतले."

"मगे?" आईनं विचारलं.

"गेले नाय. माज्यार कधी रागावले पण नाय. पण दर आयतवारी सामन्याक माका घेवन जाईत आणि गोलच्या पाठीमागे बसत. सगळे बाजूक बसत, थंयसून बरा दिसता. हे मात्र गोलच्या पाठी. बॉल इलो की ह्येंचे हात आपसूक पुढे जाईत. असे." काकीनं दोन्ही पंजे उघडून दाखवले. "तेवीस वर्सा मिया बाजूक बसान ते हात बघलंय. माका कळा नाय, खंय बघू."

दाजींना मी चांगला ओळखत होतो. सुट्टीत आले की माझ्या दुकानात बसून शांतपणे बिडी ओढायचे. ते कधी फुटबॉल खेळले होते, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. विनायक खांबाला टेकून उभा होता. पायांवरून पाणी ओघळून चटईपर्यंत आलं होतं.

"तुका पटला तर पाठय," काकी आईला म्हणाली आणि उठली. "नाय पटला तर तुजो झील आसा. चल रे प्रकाशा, गाडी चुकतली."

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. आचरा आल्यावर तिनं फक्त विचारलं, "बाबीन दुकान उघडा ठेवलेला असात ना?"

पाच दिवसांनी माझ्या दुकानातला फोन वाजला. मसुऱ्याहून विनायकची आई. मी निरोप घेतला, शटर अर्धं ओढलं आणि बंदराकडे काकीच्या घरी गेलो. ती ओटीवर तिसऱ्यांचे शिंपले फोडत बसली होती.

"गेलो?" मला बघताच तिनं विचारलं.

"गेला. आज सकाळच्या गाडीनं."

"आवस गाडीपर्यंत गेली?"

"पिशवी तिनंच उचलली होती म्हणाली."

काकीनं विळी आडवी केली. पदर तोंडावर ओढून घेतला. मी उभाच. मग पदराआडून आवाज आला, "जा रे आता. माका काम आसा."

डिसेंबरपर्यंत विनायकला राखीव बाकावरच बसायला मिळालं. मग पहिल्या गोलरक्षकाचा खांदा दुखावला आणि दुसऱ्याला ताप आला. ही बातमी बाबीनं वाचून दाखवली, उभं राहून. सामन्याच्या दिवशी विनायकची आई मसुऱ्याहून आचऱ्याला आली. माझ्या दुकानात रेडिओभोवती आम्ही चौघं. धावतं वर्णन कोंकणीत, बोलणारा एका दमात चाललेला, मधे मधे खरखर. आईला काही उमगत नव्हतं. ती दर मिनिटाला आमच्या तोंडाकडे बघायची.

उत्तरार्धात समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. बाबीनं टेबलावरचा हात काढून कपाळाला लावला. रेडिओतला आवाज चढत गेला, चढत गेला आणि लोकांच्या ओरड्यात बुडाला.

"काय झाला?" आईनं काकीचा दंड पकडून विचारलं. "गो, काय झाला?"

एरवी तिठा डोक्यावर घेणाऱ्या काकीनं आईचे दोन्ही हात हळूच आपल्या हातांत घेतले.

"धरल्यान गो," ती म्हणाली. "धरल्यान."