जिनिव्हा ते बिट्टन मार्केट

सरकारी कागदावरचं वाक्य पास व्हायला साहेबाची सही लागते, हे मला ठाऊक होतं. त्याआधी भाजीवालीची मान डोलावी लागते, हे मला हरदास सरांकडून कळलं.

हाटाच्या दिवशी ऑफिस सुटलं की सर कापडी पिशवी घेऊन बिट्टन मार्केटात जायचे. तिथं रामकलीबाई नावाची त्यांची ठरलेली भाजीवाली होती. ती भेंडी तोलायला घ्यायची आणि सर तिला आरोग्य धोरणाच्या मसुद्यातलं एक वाक्य हिंदीत वाचून दाखवायचे. अट एकच. काटा स्थिर व्हायच्या आत वाक्य तिला कळलं पाहिजे. कळलं तर सर शेजारी पेन्सिलीनं खूण करायचे. नाही कळलं तर मागच्या गिऱ्हाइकांची पर्वा न करता तिथंच उकिडवे बसून खाडाखोड सुरू.

"विमान अजून हवेतच आहे, बेटा," ते मला म्हणायचे. "जिनिव्हाहून निघालं, दिल्लीवरून गेलं. भोपाळला उतरलं कुठं?"

सरांचं घराणं नागपूरचं. वडील सरकारी कचेऱ्यांबरोबर भोपाळला आले आणि सर इथंच जन्मले, वाढले. त्यामुळे त्यांची मराठी नागपुरात सुरू व्हायची, मध्ये हिंदीत चहा प्यायची आणि कुठं संपेल याचा नेम नसायचा. मी पुण्याची. नवऱ्याची इथल्या मोठ्या कारखान्यात बदली झाली म्हणून आलेली. सार्वजनिक आरोग्याची पदवी होती, तिच्या जोरावर आरोग्य खात्याच्या एका कक्षात कंत्राटी नोकरी मिळाली. काम असं, की जगातल्या देशांनी जिनिव्हात मिळून आरोग्याची जी उद्दिष्टं ठरवली आणि आपल्या देशानं ती आपल्या धोरणात बसवली, त्यांचं आमच्या राज्यात नेमकं काय करायचं याचे मसुदे लिहायचे. मी इंग्रजीत लिहायचे. सर वरिष्ठ अनुवादक, त्यांनी हिंदी करायचं.

निदान कागदोपत्री तरी असं होतं. प्रत्यक्षात सर अनुवाद सोडून बाकी सगळं करायचे. "सर्वांसाठी सुलभ आरोग्यसेवा" असं मी लिहिलं की त्यावर पेन्सिलीनं शेरा यायचा, "सर्व म्हणजे कोण? दोघांची नावं सांगा." "समुदायाचा सहभाग" या शब्दांवर तर त्यांचा विशेष राग. "समुदाय कधी पाह्यला आहेस का तू? मी नाही पाह्यला. मी सगळे सुटेसुटेच पाहून राहिलो."

एका गोष्टीचा मात्र त्यांना घरच्या कार्यासारखा अभिमान होता. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार अशा आजारांसाठी जगानं जी उद्दिष्टं ठरवली, ती नऊ होती. आपल्या देशानं ती आपल्याकडे आणताना स्वतःचं दहावं जोडलं, घरातल्या धुराचं. चुलीच्या आणि शेगडीच्या धुरानं बायकांची छाती खराब होते म्हणून. हे सर नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचे. लग्नपत्रिका द्यायला आलेल्या माणसालाही सांगितलेलं मी पाहिलंय.

"नऊ लिहिणारे मोठे विद्वान, त्यात काही शक नाही. पण त्यांच्या टेबलापाशी धूर येत नसेल ना! आपल्याकडच्या कोणाच्या तरी डोळ्याला धूर लागला असेल, म्हणून दहावं आलं."

आणि लगेच समोरच्याला विचारायचे, "आता अकरावं काय, सांगा."

प्रत्येक मसुद्याच्या शेवटी ते अकरा आकडा घालून एक ओळ कोरी ठेवायचे. टंकलेखक ती काढून टाकायचा, सर पुन्हा घालायचे. आमच्या वरिष्ठ साहेबांनी एकदा चिडून विचारलं, "हरदासजी, ये ख़ाली लाइन किसलिए?" सर शांतपणे म्हणाले, "सर, जो हमको नहीं मालूम, उसके लिए." साहेबांनी फाइल मिटली आणि पुढची मागवली.

मला सुरुवातीला सरांचा त्रासच व्हायचा, खोटं कशाला बोलू. माझं कंत्राट वर्षाचं होतं आणि ते वाढणार की नाही हे माझ्या पहिल्या सादरीकरणावर ठरणार होतं. विषय होता रक्तदाबाच्या रुग्णांना उपकेंद्रातून नियमित औषध देण्याचा. मी परदेशातले दोन-तीन नमुने वाचून मसुदा तयार केला आणि, एरवी सगळे मसुदे सरांच्या हातूनच पुढे जात असले तरी, त्यांना न दाखवताच सगळ्यांना पाठवून दिला. त्यात होतं, रुग्णाला दहा दिवसांच्या गोळ्या द्याव्यात. दहा दिवसांनी तो परत आला की तपासणीही होते, शिस्तही लागते. मला ती कल्पना फार आवडली होती.

बैठकीच्या आदल्या दिवशी हाट होता. सर म्हणाले, "चल, तुझं विमान उतरवून पाहू."

गेले. रामकलीबाईनं माझ्याकडे पाहून टोमॅटो निवडायला घेतले. सरांनी पहिलं वाक्य वाचलं. या आजारांनी होणारे अकाली मृत्यू एक तृतीयांशानं कमी करायचे.

"एक तिहाई?" तिनं हातातला टोमॅटो खाली ठेवला. "और बाकी दो तिहाई किसके घर के होंगे, भैया?"

सरांनी पेन्सिलीनं त्या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

मग सरांनी गोळ्यांचं वाक्य वाचलं. रामकलीबाई हसायलाच लागली. शेजारच्या लसूणवालीला हाक मारून तिलाही ऐकवलं. "दस दिन में एक बार अस्पताल! बहनजी, मेरे को बीपी है. गाँव से केंद्र जाओ, लाइन में बैठो, दिन गया. महीने में तीन दिन गए. एक बार जाऊँगी, दूसरी बार जाऊँगी, तीसरी बार बोलूँगी, मैं तो ठीक हूँ." तिनं काटा उचलला. "महीने भर की दे दो ना एक साथ. गोली कोई धनिया है, जो सूख जाएगी?"

टोमॅटो तोलून झाले तरी मी तिथंच उभी. मसुदा तर सगळ्यांकडे पोचला होता.

परतताना सर एवढंच म्हणाले, "भेटली बरं तुला अकरावी ओळ."

दुसऱ्या दिवशी बैठकीत वरिष्ठ साहेबांचं बोट नेमकं तिथंच थांबलं. "दस दिन? ये किसने लिखा? मरीज़ दवा खाएगा कि चक्कर काटेगा?" खोलीत बारा माणसं. "सर, ते..." एवढंच माझ्या तोंडातून निघालं, तेही मराठीत.

हरदास सर उठून उभे राहिले.

"गलती मेरी है, सर. तीस का दस मैंने कर दिया. सुधरी हुई कॉपी ये रही."

त्यांनी खरंच नवी प्रत पुढे केली. सकाळी लवकर येऊन स्वतः टाइप केलेली. तीस दिवसांच्या गोळ्या, आणि शेजारी कारण, रामकलीबाईच्याच शब्दांत, फक्त कोथिंबीर वगळून.

साहेबांनी प्रत वाचली. मग सरांकडे चष्म्यावरून पाहत म्हणाले, "इतने साल नौकरी हो गई, हरदासजी. अब दस और तीस में फ़र्क़ नहीं दिखता?" दोघं-तिघं हसले. सर त्यांच्याबरोबर हसले आणि खाली बसले. मसुदा मंजूर झाला. माझं कंत्राट वाढलं.

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, "सर, तुम्ही का उगाच..."

"अगं, मला काढून कोण राहिलं आता? दीड वर्षात रिटायर होतो. तुला शिकायला अजून वीस वर्षं आहेत." आणि मग डोळे मिचकावून, "पण पुढच्या वेळी पाठवायच्या आधी भाजी घ्यायची. समजलं?"

समजलं. आज माझ्या हाताखाली चार माणसं आहेत आणि त्यांच्या मसुद्यांवर मी पेन्सिलीनं "कोण? दोघांची नावं सांगा" असं लिहिते, तेव्हा ती माझ्यामागे काय बोलत असतील याची मला पूर्ण कल्पना आहे. मला जे थोडंफार काम येतं ते या माणसामुळे येतं.

सर निवृत्त झाले. वर्षाच्या आत काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, गेल्या. आम्ही सगळे अयोध्या नगरला त्यांच्या घरी भेटून आलो. नंतर फोन व्हायचे, आधी बरेच, मग सणावारी. माझंच चुकलं.

गेल्या महिन्यात मी सासूबाईंना रक्तदाब तपासायला आनंद नगरच्या आरोग्य केंद्रात घेऊन गेले. रांगेत हरदास सर बसलेले. मला वाटलं, सवयीनं पाहणी करायला आले असतील. तेवढ्यात सिस्टरनं त्यांचंच नाव पुकारलं आणि त्यांच्यावर कडाडली.

"बाबूजी, आपकी तारीख़ कल थी! आज आ रहे हैं? कल गोली खाई कि नहीं? ऐसे करोगे तो मैं घर आ जाऊँगी, बता रही हूँ!"

"भूल गया, सिस्टर," सर मान खाली घालून म्हणाले.

हे मला पटेना. धोरणाचं कलम परिच्छेदासकट सांगणारा माणूस तारीख विसरतो? शिवाय पेन्शनरांच्या कार्डावर त्यांना मोठ्या हॉस्पिटलात आरामात औषध मिळालं असतं. बाहेर कट्ट्यावर गाठून मी विचारलं, "सर, खरंच विसरलात?"

"छे! दोन गोळ्या शिल्लक ठेवतो मी नेहमी. एक नाही चुकवली आजवर."

"मग?"

ते गोळ्यांचं पाकीट खिशात नीट बसवत राहिले. "वेळेवर गेलं ना बेटा, तर ती पाकीट हातात देते आणि पुढचं नाव पुकारते. एक दिवस उशीर केला की बोलते. संध्याकाळी फोन पण करते कधी कधी. बाबूजी, खाना खाया?" त्यांनी खिसा पुन्हा एकदा चाचपला. "बाकी दिवसभर तर कोणी काही विचारत नाही."

सासूबाई माझ्यामागे उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सरांना त्या पहिल्यांदाच भेटत होत्या, पण पुढे होऊन त्यांनी सरळच विचारलं.

"सकाळपासून काही खाल्लंय का तुम्ही?"

"चहा झाला."

"चहा म्हणजे खाणं झालं का? साडेअकरा होऊन गेले! या वयात उपाशीपोटी रांगेत येऊन बसायचं, चक्कर येऊन पडलात म्हणजे? आणि ही माझी सून इथं दोन गल्ल्यांवर राहते, तिला एक फोन करता येत नाही? काही नाही, आमच्याकडे चलायचं, दोन घास खायचे, मगच घरी. आणि पुढच्या वेळी एकटं यायचं नाही, सांगून ठेवते!"

रस्त्यावरची माणसं वळून पाहायला लागली. सर मात्र पिशवी पोटाशी धरून उभे होते आणि एकेक शब्द ऐकून घेत होते. मध्ये एकदा त्यांनी बाहीनं चष्मा पुसला. सासूबाईंचा आवाज आणखी चढला.

मी त्यांना थांबवलं नाही.