तिसऱ्या मजल्यावरचे हक्क

माणिकपूरच्या अपंग हक्क मंडळाचे कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होते आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. मंडळाला यात काही वावगे दिसत नव्हते. भाडे कमी होते आणि वारा छान येत होता.

साल दोन हजार दोन. समाजकार्य शिकणारी सुरुची मनवेलपाड्याहून तिथे इंटर्नशिपला आली. डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, काखेत कुबडी. ती जिना चढून वर पोचली तेव्हा तिच्या स्वागताची सभा आटोपून बशा धुवायला गेल्या होत्या. "हजेरी वर येऊनच लागते हं बेटा," अध्यक्ष दिनानाथराव प्रेमाने म्हणाले. हजेरी नाही तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर तिचे अख्खे वर्ष पाण्यात.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्याच पायरीवर टेकली. जिन्याखाली वटारच्या क्लेमेंटचा पीसीओ, म्हणजे सार्वजनिक फोनचा बूथ होता; तो जन्मांध, म्हणून सरकारने दिलेला. शेजारी कमळी आपल्या तीनचाकीत बसलेली. मंडळाकडे तक्रार घेऊन आलेली ही बाई वर जाता येईना म्हणून वर्षभर तिथेच येत होती.

"नवीन का गो तू?" कमळी म्हणाली. "बस, पानी पी. वरचं कोन खाली बघत नाय."

"पोरी, तुझा पाय लई करकरतो," क्लेमेंट म्हणाला. "तेल घाल त्याला. अशानं चोरी कशी करशील?"

सुरुची पोट धरून हसली. शाळेत, नात्यात, बिल्डिंगमध्ये आजवर ती एकटीच अशी. 'हे कशानं झालं गं?' असे इथे कोणी विचारले नाही. आपली माणसे सापडली, म्हणून तिला फार बरे वाटले. मग रोज पायरीवर बैठक भरू लागली. क्लेमेंट फोन लावी, सुरुची कायदा सांगे, कमळी कचेऱ्यांशी भांडे. कोणाचा दाखला सुटला, कोणाचा रेल्वेचा पास.

वर मंडळाने गंभीर दखल घेतली. अपंग फिरकत नाहीत, त्या अर्थी तालुक्यातले अपंगत्व आटोक्यात आले असावे. खात्रीसाठी उपसमिती नेमली. सुरुचीने खालूनच ओरडून कारण सांगितले, "जिना!" उपसमितीला हे उत्तर फारच उथळ वाटले.

तेव्हा सभासदांनी स्वतःच अनुभव घ्यायचे ठरवले. जागतिक अपंग दिनी सर्वांनी डोळ्यांवर पट्टी बांधून जिना उतरायचा. अग्रभागी अध्यक्ष, गळ्यात हार. त्यांचा अनुभव दुसऱ्या मजल्यावर सुरू झाला आणि क्लेमेंटच्या बूथपाशी संपला.

पायाला प्लॅस्टर. कार्यालय सुटेना, म्हणून दिनानाथरावही पायरीवर येऊन बसू लागले. कमळीने सरकून जागा दिली. "खरं सांगतो," ते एकदा डोळे पुसत म्हणाले, "वर इतकं कधी हसलो नाही. लिफ्ट झालीच पाहिजे! आणि सुरुची, तुझी हजेरी आता इथेच."

प्लॅस्टर निघाले. दिनानाथराव तरातरा वर गेले. संध्याकाळी शिपाई निरोप घेऊन उतरला: लिफ्टचा विषय तूर्त स्थगित. अध्यक्ष खाली होते तेवढ्याच काळाची हजेरी ग्राह्य, बाकी गैरहजर. प्रमाणपत्र देता येत नाही.

सुरुचीचे वर्ष गेले. रात्री ती खूप रडली. सकाळी मात्र कॅलिपरला तेल घालून पुन्हा पायरीवर हजर झाली.

"साहेबांची जागा कोनाला देऊ?" कमळीने विचारले.

"ठेव राखून," क्लेमेंट म्हणाला. "जातो कुठं? गुडघे हायेत ना त्याला."

पायरी तशी बरीच रुंद आहे, वाचकहो. आपला फ्लॅट कितव्या मजल्यावर म्हणालात?