विषाणूचं माहेर

चनबसप्पांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तेव्हा घरात आनंद झाला, फक्त चनबसप्पा तेवढे हिरमुसले. टॉवेलचं दुकान पुतण्याच्या हाती दिल्यापासून त्यांचं अंग मोडून येत होतं, डोकं जड राहत होतं, जिना चढला की गुडघे कुरकुरत होते. एवढं होऊनही कागदावर काहीच नाही, म्हणजे डॉक्टर आपल्याला खोटं पाडतोय असं त्यांना वाटलं. शेजारच्या धनाजीला साधं पित्त झालं तरी भेटायला माणसं येत. आपल्याही आजाराला नाव असावं, इतकीच त्यांची अपेक्षा होती.

शेवटी धनाजीच त्यांना निसर्गाचार्य इंद्रजीत यांच्या आरोग्यकुटीत घेऊन गेला. निसर्गाचार्य पूर्वी पाण्याचे फिल्टर विकायचे. त्यांनी चनबसप्पांची जीभ पाहिली, नखं पाहिली, डोळ्याखालची कातडी ओढून पाहिली आणि रिपोर्टची फाईल न उघडताच बाजूला सारली.

"लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या?"

"झाल्या हुत्या की."

"तो विषाणू अजून गेलेला नाही. पन्नास वर्षं तुमच्या नसांमध्ये दबा धरून बसलाय. मशीनला दिसत नाही, मला दिसतो."

चनबसप्पांचा चेहरा उजळला. पन्नास वर्षांचा आजार अंगात बाळगणं म्हणजे काही खायचं काम नाही. त्यांनी लगेच उपाय विचारला. उपाय सोपा होता: पोटात कोहळ्याचा रस आणि पोटावर ओली माती. फक्त एक अट होती. विषाणू ज्याच्याकडून आला, त्याच्याशी त्याचं नातं तुटत नाही म्हणे. इकडून हाकलला की तो तिकडे जातो आणि ताजातवाना होऊन परत येतो. म्हणून दोघांची शुद्धी एकदमच व्हायला हवी. निसर्गाचार्यांच्या शास्त्रात एका रोग्याच्या मागे दुसरा रोगी असा आपोआप येत असे.

घरी येऊन चनबसप्पा विषाणूचं माहेर शोधायला बसले. चौथीच्या सुट्टीत ते अक्कलकोटला मामाच्या घरी गेले होते. माडीवर शेजारी झोपणाऱ्या पोराच्या अंगावर लाल लाल फोड आले आणि पाठोपाठ त्यांच्याही अंगावर आले. तो पोरगा मामाच्या भाऊबंदांपैकी. त्याचं नाव मायाप्पा. आणि हेच मायाप्पा येत्या रविवारी चनबसप्पांच्या मुलीचा, उत्कर्षाचा, साखरपुडा ठरवायला येणार होते.

उत्कर्षानं आजवर बरीच स्थळं पाहिली होती. मनापासून आवडला तो मायाप्पांचा मुलगा अजिंक्य एकटाच. वैजयंतीबाईंनी नवऱ्याला बजावलं, की लग्न पार पडेपर्यंत विषाणूचं नाव काढायचं नाही. चनबसप्पांनी मान डोलावली. डोलावलेली मान ही त्यांच्या बाबतीत कबुली कधीच नव्हती.

रविवारी पाहुणे आले. कांद्याचे अडते असलेले मायाप्पा मोठ्या खुशीत शिरा खात होते. चनबसप्पा खुर्ची ओढून जवळ सरकले.

"पावणं, जरा नाजूक बोलायचं हाय. तुमचं माझ्याकडं आलंय."

"काय आलंय?"

"विषाणू."

मायाप्पांचा चमचा वाटीतच राहिला. चनबसप्पांनी त्यांना सगळं शास्त्र पहिल्यापासून समजावून सांगितलं आणि दोघं व्याही जोडीनं पोटावर माती लावून घेऊ, असं प्रेमानं सुचवलंही. मायाप्पांनी वाटी खाली ठेवली.

"आमच्या घराण्यात रोग न्हाय. आन जितं आमाला रोगट म्हणत्यात, तितं आमी सोयरीक करत न्हाय."

पाहुणे निघून गेले. शब्द मागे घ्या, माफी मागा, असं वैजयंतीबाईंनी परोपरीनं सांगितलं. चनबसप्पा मागणारही होते, पण आधी ते निसर्गाचार्यांना विचारून आले. मनाविरुद्ध मागितलेली माफी थेट यकृतात साचते, असं तिथं कळलं. झालं, माफीचं दार बंद झालं.

तिसऱ्या दिवशी उत्कर्षा बापासमोर उभी राहिली.

"अप्पा, तुमचा विषाणू पन्नास वर्षं गप बसला. तुमी एक रविवार बसला नाहीत."

तेवढंच बोलून ती अक्कलकोटला गेली आणि कमलम्मांना घेऊन आली. कमलम्मा म्हणजे चनबसप्पांची मामी. ज्या घरात हे सगळं घडलं त्या घराची मालकीण. तिनं बोलावल्यावर मायाप्पांना यावंच लागलं. चनबसप्पांनीही कच्चा डाव नको म्हणून निसर्गाचार्यांना बोलावून घेतलं. ते कोहळ्याच्या रसाची बाटली घेऊनच आले.

कमलम्मांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि भाच्याकडे वळल्या.

"रोग कुनाला म्हनतोस रं? देवी हुती ती. आपल्यात देवीला रोग म्हनत न्हाईत. म्या सवता दाराला लिंबाचा पाला बांधला, दहीभाताचा निवद दावला. गल्लीतल्या बाया तुमच्या पाया पडून गेल्या. देवी ज्याच्या अंगावर आदी येती, मान त्याच्या घराचा."

मायाप्पांनी टोपी नीट केली.

"आदी तर माझ्याच अंगावर आली हुती की. पावण्यांनी सवताच सांगितलंय."

"तसं काय नक्की न्हाय," चनबसप्पा घाईनं म्हणाले. "माझ्या पाठीवर आदल्या दिशीच उठलं हुतं. पाठ कुणाला दिसती?"

आणि गेल्या रविवारी जो विषाणू कुणालाच नको होता, त्याची आता ओढाताण सुरू झाली. आवाज चढले. कुरकुरणाऱ्या गुडघ्यांचे चनबसप्पा तीनदा ताडकन उठून उभे राहिले. वारं फिरलेलं पाहून निसर्गाचार्यांनी विषाणू म्हणजे निसर्ग आणि निसर्ग म्हणजेच देवी, असं जाहीर केलं. कमलम्मांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"मंग देवीला माती लावून हाकलनारं तुमीच का?"

निसर्गाचार्यांना कुर्डुवाडीचा एक रोगी आठवला आणि ते बाटली विसरून निघून गेले.

कमलम्मांनी निवाडा दिला. "एकाच रात्री दोगांच्या अंगावर आली. तवाच देवीनं ही सोयरीक जुळवली. तुमी कोन मोडनारं?"

यात कुणी हरलं नव्हतं, त्यामुळे दोघांनाही ते एकदम पटलं. साखरपुड्याची तारीख ठरली, वैजयंतीबाईंनी पुन्हा शिरा केला. आतल्या खोलीत उत्कर्षा अजिंक्यशी फोनवर बोलताना रडली आणि हसलीही.

संध्याकाळी ती कमलम्मांना एसटी स्टँडवर सोडायला गेली. गाडी लागायची होती.

"आज्जी, खरंच देवी एकाच रात्री आली हुती?"

कमलम्मांनी आजूबाजूला पाहून घेतलं.

"कसली देवी, पोरी. ढेकणं हुती. माडीवरच्या गाद्यांत लई झाली हुती. जावंला कळलं असतं तर जलमभर बोलून दावलं असतं तिनं, म्हनून म्या पाला बांधला. लगीन हुईस्तवर कुनाला सांगू नगंस."

उत्कर्षा घरी परतली तेव्हा दोन्ही व्याही सदरे वर करून एकमेकांना पाठीवरचे देवीचे वण दाखवत बसले होते.